दादाच्या बागेतले दात

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार. (वाकूनच करणार होते, पण खाली वाकले की उठवायला माणूस लागतो, आणि हे सध्या अंघोळीला गेलेत.) तुझी तब्येत मी विचारत नाही, कारण तू "बरी आहे" एवढंच लिहिणार आणि खरं काय ते मला वहिनींकडूनच कळणार. वहिनींची मात्र आवर्जून विचारते. इतकी वर्षं तुझ्याबरोबर राहून त्या टिकल्या कशा, याचं आम्हा सगळ्यांना कौतुक आहे. ह्यांनी तुला नमस्कार सांगितलेला नाही. विसरले असतील.

तर तुझ्या सांगण्यावरून आम्ही दोघं तुझी बाग पाहून आलो. आता बाग म्हणायचं नाही, रिसॉर्ट म्हणायचं. बागेच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं निमंत्रण तू कोपऱ्यात भिरकावलंस आणि फोनवर माझ्यावरच डाफरलास, की विकल्यापासून तिथं माझं काही म्हणजे काही उरलेलं नाही, हवं तर जाऊन बघ, एक गोष्ट जरी माझी सापडली तरी मी येईन आणि भाषणही करीन. हा तुझा शब्द मी नीट घडी घालून ठेवलाय. तेव्हा पुढचं चष्मा लावून वाच.

सुरुवात तुझ्या बाजूने झाली, हे कबूल करते. आत शिरल्या शिरल्या भिंतभर तुझं चित्र आहे, खाली 'आपले संस्थापक'. तू त्यात असा काही हसतोयस की मी आधी ओळखलंच नाही. आपल्या घराण्यात इतके दात कुणालाही आलेले नाहीत. हे चित्रासमोर बराच वेळ हाताची घडी घालून उभे राहिले आणि "यातला एकही दात दादांचा नाही" एवढं बोलून पुढे गेले. (दातांचा दवाखाना बंद करून ह्यांना पाच वर्षं झाली, पण दवाखान्याने अजून ह्यांना सोडलेलं नाही. लग्नाच्या पंगतीतही हे नवरीकडे न बघता तिच्या दाढेकडे बघतात.)

खोली आम्हाला चाच्यांच्या जहाजातली मिळाली. म्हणजे पलंग होडीचा, आरसा गोल खिडकीचा, आणि दिवा लावायचा तर भिंतीवरच्या पोपटाची शेपटी ओढायची. शेपटी ओढली की पोपट बोलतो. हे रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा पोपटाने "शरण या!" अशी आरोळी ठोकली आणि ह्यांनी खरोखरच हात वर केले. मी हसले म्हणून सकाळपर्यंत माझ्याशी अबोला. त्यात होडी डुलते. ती थांबवायची कळ कुठे आहे असं मी फोन करून विचारलं, तर पलीकडून इतक्या गोड आवाजात डुलती होडी मिळाल्याबद्दल माझं अभिनंदन झालं की मी फोन ठेवूनच दिला. रांगांचं तर विचारूच नकोस. रांग टाळायचा पास मिळतो, आणि तो घ्यायला सगळ्यांत मोठी रांग असते. प्रत्येक खेळ संपला की बाहेर पडायची वाट दुकानातून जाते. ह्यांनी पाठ दुखते म्हणून एका दुकानात जरा टेकायला खुर्ची मागितली, तर ती विकत देऊ लागले.

पण हे सगळं सोसता आलं असतं. सोसवलं नाही ते हसणं. तिथं झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे हसतात, दादा. सारखे हसतात. वाट विचारा, हसतात. पाकीट हरवलंय सांगा, हसतात. कामगारांच्या दारात म्हणे आरसा लावलाय, त्यात हसू तपासून मगच कामावर यायचं. मला तुझी खूप आठवण झाली. कापडाच्या दुकानात नोकरीला होतास तेव्हा मालक दिवसभर हसायला लावायचा आणि तू घरी येऊन गाल चोळत बसायचास. म्हणून बाग काढलीस तेव्हा पहिला नियम केलास: काम चोख करा, हसायची सक्ती नाही. आणि फाटकावर कुणाला बसवलंस, तर एरंडेलला! जन्मभर एरंडेल प्यायल्यासारखं तोंड, म्हणून सगळे त्याला तेच म्हणायचे. पोरं झोपाळे सोडून त्याला हसवायला फाटकावर गर्दी करायची. लोक तुला वेड्यात काढायचे आणि तू म्हणायचास, हसू तयार करून वाटायची वस्तू नव्हे, माणसांना जरा मोकळं सोडलं की ते आपोआप येतं. मला तेव्हा हे सगळं पटलं होतं असं नाही. एरंडेलने माझ्या नणंदेला तिकिटाशिवाय आत सोडलं नव्हतं.

आता मुद्द्याचं ऐक. तुझे ते गोल फिरणारे लाकडी घोडे अजून आहेत. (रंग भयंकर दिलाय, जांभळा.) ते चालवायला एक मध्यमवयीन बाई आहेत. आम्ही रांगेत होतो आणि हे आपले सवयीने त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बघता बघता रांग मोडून तडक पुढे गेले आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणाले, "बाई, हसणं बंद करा. डावीकडची खालची दाढ आहे ना? कधीपासून ठणकतेय?" बाई हसतच राहिल्या, आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. चार दिवस ठणकत होती. दुखऱ्या गालाने हसत होत्या बिचाऱ्या. मला इतका राग आला की काय सांगू.

तेवढ्यात एक कोट घातलेली तरुण मुलगी धावत आली. तिच्या छातीवर 'आनंद अधिकारी' अशी पाटी. (तू नको हसूस, खरंच होती.) तिनेही हसत हसत सांगितलं की कामावर असताना हसू थांबवता येत नाही. ह्यांचा पारा चढला. अख्ख्या रांगेसमोर ह्यांनी जाहीर केलं की ह्या बाई हसल्या तर दाढेचा फोड फुटेल आणि मी साक्षीला उभा राहीन. फोड वगैरे काही नव्हता, हे मला मागाहून कळलं. पण मुलगी घाबरली. बदली माणूस येईपर्यंत बाईंनी हसू नये, एवढी तिने परवानगी दिली. बाईंनी तोंड मिटलं, गालाला हात लावला, आणि अगदी सुतकी चेहऱ्याने घोडे सुरू केले.

आणि मग दादा, तू तिथं हवा होतास. पहिल्या फेरीत एका मुलीने त्यांच्याकडे बघून जीभ बाहेर काढली. दुसऱ्या फेरीत घोड्यांवरची सगळी पोरं तोंडं वेडीवाकडी करू लागली. तिसऱ्या फेरीला एक टक्कल पडलेले गृहस्थ बायकोदेखत कान हलवत होते. शेजारच्या झोपाळ्यांवरची माणसं उतरून इकडे आली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तुझा नियम तिथं कुणाला ठाऊकही नव्हता. शेवटी बाईंना हसू फुटलंच, एकाच बाजूने, दुखरा गाल धरून, आणि अशा टाळ्या पडल्या की आनंद अधिकारीण स्वतःची पाटी विसरून खरंखुरं हसली. (ह्यांच्या मते तिचे दात उत्तम आहेत.) मी मात्र रडले. तुला खोटं कशाला सांगू?

म्हणजे तुझं तिथं काय उरलंय ते कळलं ना? नव्या मालकांनी तुझं चित्र बदललं, घोडे जांभळे केले, पण माणसांबद्दल तू जे म्हणायचास ते तसंच्या तसं खरं आहे. तू घरात बसून कुढतोस, जेवायलाही सगळ्यांत बसत नाहीस असं वहिनी सांगतात, ते मला बघवत नाही. शब्द दिलायस. आता यायचं.

तुझी,
धाकटी

ता. क. तू येतोयस असं मी मॅनेजरला सांगून टाकलंय. त्या दिवशी कुणी जुलमाने हसायचं नाही, ही अट घातली आहे. तो हसत हसत हो म्हणाला. घोड्यांवरच्या बाईंना दाढेसाठी रजा मिळाली.

ता. क. दुसरा. हे पत्र वहिनींना दाखवू नकोस, त्यांना खरंच वाटतंय की तू बागेच्या दुःखाने नुसत्या सूपवर आहेस. ह्यांना मी ते सांगितलं तर म्हणाले, दुःखाने माणूस टोस्ट सोडत नाही, कवळी सैल असली की सोडतो. तू दुसऱ्या डॉक्टरकडून कवळी करून घेतलीस हे ह्यांनी फोनवरच्या तुझ्या बोलण्यावरून ओळखलंय, आणि भर भाषणात ती खाली पडेल या भीतीने तू निमंत्रण भिरकावलंस हेही. नमस्कार विसरले नव्हते, रुसले होते. पण आज सकाळी कपाट उघडून जुनी हत्यारं उकळायला ठेवलीत आणि शीळ घालतायत. तेव्हा समारंभाच्या आदल्या दिवशीच ये. दोघांपैकी कुणी माफी मागायची नाही, रुसवा काढायचा नाही. तू नुसता खुर्चीत बस आणि आ कर. तसंही आ केल्यावर तुला काही बोलता येणार नाही, आणि काम करताना हे बोलत नाहीत.