उत्तरेचा हिरवा पट्टा

मंगळवार, ४ मार्च

चि. सोन्या,

खुशाल असशील. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. डॉक्टर म्हणतात चाला, गुडघे म्हणतात बसा. तुझी आई मात्र मजेत आहे. पेपरातला तुझा फोटो पर्समध्ये घालून फिरते आणि भाजीवालीलाही दाखवते.

मासेमारी बंदीच्या नव्या नकाशावर तुझ्या समितीच्या सह्या झाल्याचं वाचलं. आमची जुनी जागा मासेमारीला खुली, आणि उत्तरेचा पट्टा बारमाही बंद. नकाशा सुबक आहे. तो हिरवा पट्टा तर फारच शोभून दिसतो.

मामाची चौकशी तू करत नाहीस, म्हणून मीच कळवते.

जेट्टीवर कुणी विचारलं, "कुठं लागला मासा?" तर दक्षिणेला लागला असला की उत्तर दाखवायची. सख्ख्या भावालासुद्धा. विचारणाऱ्याला ते ठाऊक असतं, सांगणाऱ्यालाही, आणि कुणी रुसत नाही. तुझ्या मामाने आयुष्यात एकदाच खरं सांगितलं, माझ्या जेवणाच्या टेबलावर, तुला. "घरचं पोर आहे," म्हणाला. पाण्याची टाकी दीपगृहामागे लपली की इंजिन बंद करायचं. खाली खडक आहे, तिथे मासा अंडी घालायला येतो. हेही सांगितलं, की त्या दिवसांत आमच्यातलं कुणी तिकडे फिरकत नाही, आणि उरलेलं वर्ष त्याच जागेवर आम्ही जगतो. माझा भाऊ बढाईखोर आहे, त्याच्या गोष्टीतला मासा दर वेळी वीतभर वाढतो. पण त्या दिवशी त्याने काहीही वाढवलं नव्हतं.

तू अहवालात जागा उचललीस आणि दिवस गाळलेस. आमच्या जागेवर वर्षभराची बंदी आली. मी जाब विचारला तर म्हणालास, "मावशी, हंगामी बंदीवर लक्ष ठेवणं अवघड जातं गं. बारमाही सोपी पडते." कुणाला सोपी?

जागा कुणाच्या तोंडून फुटली, हे जेट्टीला त्याच दिवशी कळलं. तुझा अहवाल मी छापून आल्यावर वाचला. त्यात मामा "माहितीदार क्रमांक चार" आहे. जेट्टीवर त्याला याहून वाईट नाव पडलं. त्याची होडी वर ओढायला कुणी हात लावेना. चहाच्या टपरीवर तो आला की बाकडं रिकामं व्हायचं. बाजारात मामी बसली की शेजारीण आपली टोपली उचलून दुसरीकडे जायची. हे मी तुला कळवलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.

मग बंदी असूनही मासा वाढेना. वाढेल कसा? आमच्या होड्या नाहीत म्हटल्यावर बाहेरचे ट्रॉलर येऊन तळ खरवडून गेले. बघायला होतं कोण? समितीने तुला पुन्हा पाठवलं आणि तू मला फोन केलास, "मावशी, मच्छीमार बोलतील ना माझ्याशी?"

"बोलतील की. मी सांगते त्यांना," मी म्हणाले.

सांगितलं.

तुझ्याच अहवालात लिहिलं आहेस, की वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळं बसून एकच गोष्ट सांगितली तर ती विश्वासार्ह धरावी. मी जन्मभर वर्गात कॉपी पकडली, सोन्या. उत्तरं शब्दाला शब्द सारखी आली की चोरी कळते. म्हणून त्या सगळ्या दांडग्यांना माझ्या बैठकीच्या खोलीत बसवलं आणि प्रत्येकाला वेगळं चुकायला शिकवलं. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनने पाण्याची खोली कमी सांगायची. जाळी विणणाऱ्या आजोबांनी आधी "आठवत नाही" म्हणायचं आणि मग आठवायचं. अंडी घालायची जागा मात्र सगळ्यांची एकच, उत्तरेचा चिखल, जिथे मासा काय, खेकडाही कंटाळतो.

मामा आतल्या खोलीत बसून ऐकत होता. बाहेर येऊ नकोस असं मीच बजावलं होतं. पण त्याला राहवेना. दारात येऊन ओरडला, "अरे बैलांनो, हा मासा चिखलात अंडी घालतो म्हणाल तर पोरगं हसेल! शिकलेलं आहे ते, अगदीच ठोंब्या नाही. सांगा, चिखलात मधेमधे खडकाची डोकी आहेत, जाळी फाटतात, म्हणून आपण तिकडे जात नाही."

चेअरमन जागचा सरकला. "बस इथं, म्हाताऱ्या," म्हणाला. "पहिल्यापासून सांग."

तो बसला. त्या दिवशी चहा मला तीनदा टाकावा लागला.

तुझ्यापुढे मात्र तो बसला नाही. "माझं एकदा सांगून झालंय," एवढंच म्हणाला. तू मान डोलावलीस आणि पुढच्या माणसाला बोलावलंस. जाळी फाटतात हे ऐकून तू जाळं टाकून पाहिलंच नाहीस. बाकीच्यांची उत्तरं जुळत गेली तसा तुझा चेहरा खुलत गेला, तो मी पंख्याखाली बसून डोळे भरून पाहिला.

म्हणजे तू चिखल राखून ठेवला आहेस, राजा. बारमाही. अंडी घालायच्या दिवसांत आमच्या जागेवर कुणी जाणार नाही, आणि ट्रॉलर आलाच तर आता बघायला डोळे आहेत. त्यासाठी तुझी सही लागत नाही.

हे पत्र मी सह्या होईपर्यंत थांबून लिहिते आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुला समितीपुढे जाऊन खरं सांगता येईल. मग ते विचारतील, सगळी जेट्टी तुझ्याशी खोटं का बोलली? तेव्हा गाळलेल्या दिवसांचंही सांगावं लागेल. एकट्याने उभं राहून सांगावं लागेल, कारण इथला कुणी तुझ्या बाजूने तोंड उघडणार नाही.

एक जण उघडेल. तुझा मामा. तू नुसतं दारात येऊन उभा राहिलास तरी तो चपला घालून तुझ्याबरोबर निघेल, कारण तू त्याच्या बहिणीचा मुलगा आहेस आणि तो तसलाच वेडा आहे. पुन्हा बाकडं रिकामं झालं तरी निघेल.

जा, माग त्याच्याकडे. तेवढं तोंड उरलं असेल तर.

माझ्याकडे येऊ नकोस.

तुझ्या मामाची बहीण