भुताचा पत्रा

रविवार, सप्टेंबर १९६१, बंगळूर

आपल्याकडचं भूत म्हणजे पांढरं पातळ आणि पैंजण, कोण भिणार? मला इंग्रजी भुतांच्या सिनेमांचं वेड, म्हणून आज गणपतीतल्या भुताच्या नाटकात ढगांच्या गडगडाटाचं काम माझ्याकडे होतं. कारखान्यातला भंगार पत्रा आणून पडद्यामागे जीव तोडून हलवला. पण आमची वसाहत कारखान्याचीच, दिवसभर हेच ऐकणारी. "अण्णा, स्वल्प हळू!" शेजारच्या कानडी अक्का ओरडल्या. सगळे हसले. पुढच्या रांगेतली माझी बायको, सुमनही.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजला. भलत्याच वेळी, अपघात झाल्यावर वाजतो तसा. चुकून वाजला होता, हे मागाहून कळलं.

पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर सुमन अनवाणीच कारखान्याच्या फाटकाकडे धावत सुटलेली. मी इथेच, पत्र्यापाशी आहे, हे विसरली कशी?

तिचा तसला भेदरलेला चेहरा मी कुठल्याच सिनेमात पाहिला नाही. पत्रा उद्या परत नेऊन टाकतो.