तळापासून दुसरं घर

लातूर,
५ मे

चि. रुद्राणीस,
आत्याबाईचे, म्हणजे कागदोपत्री अजून तरी सासूचे, अनेक आशीर्वाद.

(नावाआधी 'सौ.' लिहावं की नाही हे वकिलांना विचारणार होते. पण ते त्याचीही फी लावतील, म्हणून जागा मोकळी सोडली आहे.)

इकडे सगळे खुशाल. नांदेडची हवा, पाणी आणि घरमालकीण तुला मानवत असतील अशी आशा आहे.

आता तक्रार. लातूरचा मे महिना तुला नव्यानं सांगायला नको. अशा दिवसांत, भर दुपारी, गोलाईच्या बाजारपेठेजवळच्या एका प्रतिष्ठित घराण्यातली मोठी माणसं पंखा बंद करून घामानं निथळत बसली आहेत. वीज गेलेली नाही. बिलही भरलेलं आहे. तरी पंखा बंद, कारण तो लावला की तुझी गिटार उसन्या आणलेल्या त्या काळ्या स्पीकरच्या खोक्यातून गांधीलमाश्यांच्या मोहोळासारखी घोंघावते. देवघरातली ट्यूबलाइट लावली तर आणखी वरच्या पट्टीत. इतिहासात माणसांनी संगीतासाठी राज्यं सोडली असतील, पण मराठवाड्यात मे महिन्यात पंखा कुणी सोडला असेल असं मला वाटत नाही. निवेदन द्यायचं ठरवलं तर कोणत्या खात्याकडे द्यावं, हेही समजेना.

तू म्हणशील, गिटार लावलीच कशाला? तर ऐक.

तू आमच्या वीरेशला निरोप पाठवलास, 'माझी गिटार पाठव.' त्यानं तो जेवताना वाचून दाखवला आणि फोन पालथा ठेवला. तुझं बाकीचं सामान टप्प्याटप्प्यानं गेलंच होतं. ही एकच तुमच्या दोघांच्या खोलीतल्या खिळ्याला राहिली होती. मी म्हटलं, मी पाठवते. पण दिवाळीच्या कार्यक्रमात, भर गाण्यात, ती मुकी झाली, नुसती घोंघाव उरली, ती तशीच. आणि मोडकी वस्तू परत पाठवायची या घराची रीत नाही. आपल्या दुकानातलं सोयाबीनचं बी उगवलं नाही तरी आपण गोणी बदलून देतो.

म्हणून ती घेऊन दयानंदकडे गेले. हार्मोनियम-तबल्याचं दुकान, भजनी मंडळांचा माणूस. भिंतीवर चार गिटारी टांगल्यापासून स्वतःला तज्ज्ञ समजतो. त्यानं कसलासा काटा लावून पाहिलं आणि डॉक्टरच्या चेहऱ्यानं सांगितलं, "मावशी, तळाचा पिकअप मेला."

पिकअप म्हणजे तारांखालची ती तीन पांढरी खोकी, हे मला तेव्हा कळलं. तुझ्या मामांना, म्हणजे आमच्या ह्यांना, अजून कळलेलं नाही. पिकअप बदलायचा म्हटल्यावर ते विचारतात, "टायर ठीक हायेत का?"

"नवा बसव," मी दयानंदला म्हटलं.

"कोणचा बसवू? सिंगल कॉइल का हंबकर?"

"फरक काय?"

"सिंगलचा आवाज ब्राइट येतो बगा. पण गुणगुणतो. हंबकरमध्ये दोन कॉइली. गुणगुण बंद, आवाज वार्म."

"लातुरात आणखी वार्म कशाला रे?"

"मावशी, तुमाला जॅझ पाहिजे का मेटल?"

"मला पंखा पाहिजे."

मग त्यानं लोहचुंबकाचा विषय काढला. एक अल्निको, एक सिरॅमिक. सिरॅमिक म्हटलं की मला लोणच्याची बरणी दिसते, त्यामुळे पुढचं काही ऐकू आलं नाही. हंबकर घ्यावा हे मात्र मनाशी ठरलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "त्याच्यासाठी लाकूड कापावं लागंल. थोडंसंच."

मी गिटार उचलली आणि घरी आले. दुसऱ्याच्या वस्तूला करवत लावायला मी कोण? मग रिक्षात बसल्यावर 'दुसऱ्याच्या' या शब्दापाशीच अडले. तेव्हापासून रोज ती लावून ऐकत बसते, आणि सगळाच गोंधळ आहे.

११ मे

पत्र पुरं झालं नाही, कारण पिकअप ठरला नाही.

घरात सगळ्यांचं मत घेतलं. ह्यांनी विचारलं, "उगवण किती टक्के? पिशवीवर लिवलेलं असंल की." वीरेश म्हणाला, "कोणताही लाव," आणि उठून गेला. दयानंदकडे रोज जाते आहे. त्यानं एका खोक्याच्या जागेत मावणारा अरुंद हंबकरही दाखवला. तो घ्यावा, तर त्याला एक लोखंडी पट्टी. तुझ्या दोन पांढऱ्यांशेजारी तो म्हणजे वऱ्हाडात पोलीस. मग म्हणतो तिन्ही बदला, मॅचिंग येईल. पिकअपचंही ब्लाउजपीससारखं मॅचिंग असतं हे माहीत नव्हतं.

काल त्यानं मेलेला पिकअप उघडला. मी समोरच होते. आत केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. ती हिरवी पडून तुटलेली. आणि झाकणाच्या आत पिवळं काहीतरी सुकून बसलेलं.

"हे काय हाय मावशी? मसाला?"

हळद होती.

तुला आठवत असेलच. खंडेनवमीला दुकानातला तराजू, पोती शिवायची दाभणं, ह्यांची मोटरसायकल, माझं शिलाई मशीन, सगळं धुऊन पुजायला मांडलं होतं. आमच्या सासूबाई, म्हणजे अव्वा, काठी टेकत तुमच्या खोलीत गेल्या आणि तुझी गिटार घेऊन आल्या. ह्यांनी हसून म्हटलं होतं, "अव्वा, ते खेळणं हाय, त्याची कशाला पूजा?" तर अव्वांनी ह्यांना झापलं, "खेळणं कामून? पोरीचं हत्यार हाय ते. तुजा तराजू तसं तिचं हे." आणि हळदीच्या पाण्यानं न्हाऊ घातली. मनापासून, तांब्यानं. वर विभूतीची तीन बोटं. तू हसत हसत त्यांच्या पाया पडली होतीस.

म्हणजे बघ. या घरात ज्या एका माणसानं तुझ्या गिटारीला हत्यार म्हटलं, त्यांनीच तिचा गळा दाबला. आणि आम्ही बाकीचे, ज्यांनी तिला कधी बोटही लावलं नाही, ते निर्दोष. मला हे उलगडतच नाही. हसावं म्हटलं तर हसू येईना.

अव्वांना हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

त्यांना दुसरंही सांगितलेलं नाही. त्या समजतात तू माहेरी गेली आहेस, आणि माहेरी गेलेली सून परत येते. परवा मी गिटार लावून बसले होते, देवघरातल्या ट्यूबलाइटनं नुसती घोंघावत होती. अव्वा आल्या, चाचपत तारांवर हात ठेवला, आणि घोंघावणं एकदम खाली बसलं. हात काढला की पुन्हा सुरू. दयानंद म्हणतो त्यात काही नवल नाही, अर्थिंग आहे. अव्वा म्हणाल्या, "हिला माणूस लागतंय बग." मग विचारलं, "कवा येणार ती?"

मी पंखा लावला.

१९ मे

काल दयानंदनं हात जोडले. "मावशी, म्या पहिल्या दिशीच सांगितलं हुतं, जसा हुता तसाच सिंगल टाकू. अर्ध्या घंट्याचं काम. तुमीच रोज नवा सवाल आणून राहिल्या. खरं सांगा, तुमाला ही दुरुस्त करायची हाय का न्हाई?"

मी म्हटलं, "पाणी दे रे." त्यानं दिलं. मी सावकाश प्यायले.

रुद्राणी, माझ्या तोंडाला तू ओळखतेस. एरवी त्यालाच दोन शब्द सुनावले असते. पण ही दुरुस्त झाली की जाणार, आणि खिळ्याला मग नुसता खिळाच राहणार. अल्निको की सिरॅमिक यात माणूस वर्षभर अडकू शकतो, हे मी तुला अनुभवानं सांगते.

शिवाय एक खरी अडचण होती. तुझा आवाज कसा होता तेच मला आठवेना. बंद दारापलीकडून तू रोज संध्याकाळी वाजवायचीस, अलीकडे मी भाजी चिरायचे. ब्राइट होता का वार्म, आता कुणी शपथेवर विचारलं तर मला सांगता येणार नाही.

हे मी रात्री जेवताना बोलून दाखवलं. बोलले ह्यांना, उत्तर दिलं वीरेशनं. ताटातून वर न बघता म्हणाला, "तिचं बटण तळापासून दुसऱ्या घरावर असायचं. तळाचा आणि मधला, दोन्ही मिळून. पितळेच्या वाटीवर चमचा लागल्यासारखा आवाज यायचा."

"तुला काय माहीत?"

"भिंतीपलीकडंच बसायचो की मी."

हे तुला तुझं मन वळवावं म्हणून लिहीत नाही. गिटार बंद पडली तेव्हा 'बरं झालं' म्हणणाराही तोच होता, आणि ते तू ऐकलंस, मीही ऐकलं. दोन्ही त्याचंच. आई असून मला त्याचा मेळ लागत नाही, तर तू कशाला लावत बसतेस. फक्त माहिती म्हणून कळवलं.

आज सकाळी दयानंदला 'तळापासून दुसरं घर' सांगितलं, तर तो टाळी देऊन म्हणाला, "मग गुणगुणीची फिकरच नको! मधल्याच्या उलटा गुंडाळलेला सिंगल टाकतो तळाला. दोघी उलट्या शेजारी वाजल्या की एकमेकीची कुरकुर खातात. सूर तेवढा राहतो."

मी म्हटलं, "दोघी उलट्या बायका एका घरात राहून कुरकुर कमी झालेली मी अजून पाहिली नाही."

"ते बायकांचं झालं. ही तार हाय."

तर तो उलटा सिंगलच बसवला. लाकूड कापलं नाही. बाकीचे दोन तुझे जुनेच ठेवले. दुकानातच वाजवून बघितली. दयानंदची बोटं हार्मोनियमची, त्यामुळे गाणं कोणतं ते विचारू नकोस. पण बटण दुसऱ्या घरावर गेलं आणि पितळेची वाटी वाजली. डोक्यावर पंखा भरधाव होता, तरी आवाज स्वच्छ. मला लगेच आठवलं. तेव्हा काय शिजत होतं तेही आठवलं.

उद्या तुझे मामा गिटार घेऊन नांदेडला येतील. पेरणीच्या तोंडावर दुकान सोडून. मी म्हटलं पार्सलनं पाठवू, तर म्हणाले, "माजं काम हाय नांदेडात." त्यांचं नांदेडात काहीही काम नाही. अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता एसटीत मांडीवर धरून आणणार आहेत. आल्यावर चहा दे, साखर कमी. नुसते बसतील आणि उठतील. बसू दे.

अव्वांनी आजच गिटारीला विभूती लावली. पाणी लावायला तांब्या मागत होत्या, मी सापडत नाही म्हटलं.

पिशवी उघडशील तेव्हा बाजूच्या कप्प्यात हिरवा खण दिसेल. त्यात तुझा मेलेला पिकअप गुंडाळला आहे, हळदीसकट. तो अव्वांचा आशीर्वाद समज किंवा काहीही समज. खालच्या पुडीत तांदूळ, सुपारी, हळकुंड आहे. नारळ पिशवीत मावला नाही. तो मामांच्या थैलीत आहे. मागून घे, ते विसरतील.

तू गेलीस त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नव्हते. ओटी तेव्हाची राहिली होती. अशा वेळी भरतात का, हे कुणाला विचारलं नाही.

तांदूळ निवडलेले आहेत. ओटीचे तांदूळ दुसऱ्याला द्यायचे नसतात, म्हणून घरमालकिणीला देऊ नकोस. तूच शिजव, आणि गरम असतानाच जेव.

तुझी,
आत्याबाई