खोबरेल न लावण्याच्या अटीवर दिलेलं दुकान

मी, शब्बीर इब्राहीम उंड्रे, वय एकाहत्तर, राहणार श्रीवर्धन, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. मला कुणी फूस लावलेली नाही. धाक घालून पाहिला, त्याचा उल्लेख पुढे येईल.

१. माझ्यामागे पत्नी गुलबानू आणि धाकटा मुलगा नदीम हे दोन वारस राहतील. नदीम कतारला नोकरी करतो. थोरला फैझान म्हसळ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याची पत्नी इनशा आमच्याकडेच राहते. शरीअतप्रमाणे सून वारस होत नाही. मात्र वारस नसलेल्या माणसाला मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत देण्याची मुभा त्याच शरीअतने दिली आहे आणि त्यासाठी वारसांची संमती लागत नाही. हे मृत्युपत्र त्या तिसऱ्या हिश्शाबद्दल आहे.

२. घर, मागची सुपारीची वाडी आणि बँकेतली ठेव यांची वाटणी वारसांत शरीअतप्रमाणे व्हावी. त्यात मी हात घालत नाही. गुलबानूला तिच्या खोलीतून कुणी हलवू नये, एवढं मुलाला बाप म्हणून सांगतो.

३. बाजारपेठेतलं माझं दुकान, गाळ्यासकट, तसंच शिलाईचं यंत्र, आऱ्या, ब्रश, लाकडी साचे आणि मेण वितळवण्याची पातेली इनशा फैझान उंड्रे हिला द्यावीत. वकील सुचिताबाईंनी हिशोब मांडून पाहिला आहे. दुकान तिसऱ्या हिश्शात बसतं.

डोंगर चढणाऱ्यांचे जुने चामडी बूट दुरुस्त करून ते पावसापाण्याला तयार करणं हे आमचं काम. आखाती कंपनीच्या जहाजावर इंजिनखात्यात असताना तिथले बूट सांभाळता सांभाळता मी हे शिकलो. नोकरी सोडून दुकान टाकलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. आखाती पैसा सोडून हा लोकांचे जोडे शिवतो म्हणाले. त्यांच्यापैकी कुणालाही माझ्या सामानातली सुईसुद्धा देऊ नये.

४. शेजारी अंबाजी यास मेणाचा एक मोठा डबा द्यावा. हा माझा मित्र आहे आणि त्याच्याशी माझं जुनं भांडण आहे. आपल्या किनाऱ्यावर केसांपासून कुलपापर्यंत सगळ्याला खोबरेल लावतात, तसं तो बुटांनाही चोपडतो. चामडं ढिलं पडतं, पावसाळ्यात हिरवी बुरशी धरते, मग तो माझ्याच नावाने ओरडतो. समजावलं तर म्हणतो, “चामडं म्हंजे कातडीच न्हाय का? मला लागतं ते बुटाला का लागनार न्हाय?” डबा देताना त्याला सांगावं की हा बुटांसाठी आहे, डोक्यासाठी नाही.

५. इनशालाच दुकान का, हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी तोंड उघडायला नको. फैझान गेल्यावर ती विधवेच्या चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीत बसली. बाहेर पडायचं नाही, दिवसभर त्याच खोलीत. एकदा दाराआडून म्हणाली, “अब्बा, बसून बसून डोकं फिरायला लागलंय. हाताला काय तरी काम द्या.” मी दुकानातून एक जोड पिशवीत घालून आणला. गुलबानू चिडली. “सुनेच्या हातात लोकांची पायतणं देता? लोक काय बोलतील?” मी म्हटलं, लोक बोलतील ते मी ऐकेन, तू तिला चहा दे.

मी दाराबाहेर बसून सांगायचो, ती आत करायची. आधी नाड्या काढ. ओल्या फडक्याने माती पूस. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळव, उन्हात ठेवलंस तर तडकेल. मग एरंडेलाचा अगदी हलका हात. शेवटी मधमाश्यांचं मेण बोटांच्या उबेने जिरव, टाक्यांच्या ओळीत जास्त, कारण पाणी तिथूनच शिरतं. त्या खोलीतून रडणं ऐकू यायचं आणि ब्रशही ऐकू यायचा. पुढे पुढे ब्रश जास्त ऐकू येऊ लागला. मुलगा गेल्यावर मला जगवलं ते त्या आवाजाने.

६. गेल्या पावसाळ्यात माणगावचा कुलदीप नावाचा तरुण त्याच्या दिवंगत वडिलांचे बूट घेऊन आला. माया म्हणून त्याने वर्षानुवर्षं त्या बुटांना खोबरेल पाजलं होतं. चामडं लिबलिबीत, तळवा सुटलेला. मी सांगितलं, हे आता होणार नाही. पोराचं तोंड एवढंसं झालं. इनशा म्हणाली, “अब्बा, माझ्याकडे ठेवा.” चेहऱ्याला लावायची मुलतानी माती तिने भिजवून बुटांवर थापली, सुकली की झाडली, पुन्हा थापली. माती तेल पीत गेली. मला हे कधी सुचलं नव्हतं. मग तिने नवा तळवा शिवला आणि मेण जिरवलं.

तेव्हा नदीम रजेवर आला होता. पाणी शिरतं का ते पाहायला मी बुटांत कोरडं वर्तमानपत्र भरून ते रात्रभर बादलीत घोट्यापर्यंत पाण्यात उभे केले. सकाळी नदीमनेच कागद बाहेर काढला, चुरगळून पाहिला आणि म्हणाला, “कोरडा हाय.”

७. त्याच रजेत नदीम मला म्हणाला, “दुकानात भाड्याच्या स्कूटर लावू, दिवेआगरला जाणारे पर्यटक काय कमी हायत? भाभी तरुण हाय, माहेरी जाऊ दे, दुसरा निकाह होईल. दुकान तिच्या नावावर केलंत तर मी परत घरी पाय ठेवणार नाही.” वर लिहिलेला धाक तो हा. मुलगा तुटेल या भीतीने मला फार जड गेलं. तरी कलम ३ मधला शब्दही बदललेला नाही आणि बदलणार नाही.

८. इनशाने दुसरा निकाह करावा किंवा न करावा, मूल व्हावं किंवा न व्हावं, दुकान तिचंच राहील. फैझानची विधवा म्हणून दिलं असतं तर ते तिच्या निकाहाबरोबर गेलं असतं. मी ते कारागिराला देत आहे. अट एकच, त्या उंबऱ्याच्या आत बुटाला खोबरेल लागता कामा नये.

९. माझ्या दफनानंतर तीन दिवस दुकान बंद ठेवावं, चौथ्या दिवशी उघडावं. गिऱ्हाईक पावसाला थांब म्हणू शकत नाही.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नदीमने करावी. तो चिडका आहे, लबाड नाही. कागद कोरडा होता हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, त्याला खोटं बोलता आलं असतं. नदीम, तुझ्या सहीवाचूनही हे मृत्युपत्र पुरं आहे. तरी तुला वाचायला देतो, कारण तू माझा मुलगा आहेस आणि मला तू घरी यायला हवा आहेस.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मनासारखा आहे, म्हणून साक्षीदारांदेखत सही करतो.

ठिकाण: श्रीवर्धन
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२४

(सही) शब्बीर इब्राहीम उंड्रे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
(सही) तुळशीराम भागोजी पाटील, श्रीवर्धन
(सही) हरेश्वर रावजी म्हात्रे, श्रीवर्धन

वाचलं. मला पटलेलं नाही. पण मी येईन, आणि दुकानाची चावी भाभीच्या हातात मीच देईन.
(सही) नदीम शब्बीर उंड्रे