नलूची बसमधली जागा

अनुराधपूर, ६ जानेवारी १९५८

ती. बाबा यांस सप्रेम जय भीम.

पाठीवर पिशवी टाकून मी एकटी लंका फिरते आहे. भाषा येत नाही; गावाचं नाव सांगते आणि कंडक्टर उतरवील तिथे उतरते. काल मात्र त्याने जागेवरूनच उठवलं. पुढच्या बाकावर एक भिक्खू होते, शेजारी जागा रिकामी. मी आनंदाने बसले. तर ते चटकन उभेच राहिले! कंडक्टर हातवारे करू लागला, सगळी बस बघू लागली. बाबा, आपण धर्म बदलला तो याच्यासाठी? नलू बौद्धांचा देश बघून आली की मगच दीक्षा घेईन, असं आई म्हणाली होती. तिला हे वाचून दाखवू नका.

तुमची गोंधळलेली,
नलू

लालबाग, १५ जानेवारी

चि. नलूस जय भीम व आशीर्वाद.

माझं तोंड बघूनच तुझ्या आईने ओळखलं, वाचावंच लागलं. म्हणते, बी.ए. झालेल्या पोरीला उठवतात, मला तर दारातूनच हाकलतील. देव्हाऱ्यातला खंडोबा कुठे जात नाही. पण पोरी, तुझी भाषाही न कळणाऱ्यांना जात कळली कशी? कुणाला तरी विचार. दोन तारखेला इथे दीक्षेचा समारंभ आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत ओरडून माझा घसा बसलाय, नाहीतर आईशी भांडलो असतो.

तब्येतीला जप.
बाबा

कँडी, २३ जानेवारी

ती. बाबांस जय भीम.

विचारलं. इथल्या इंग्रजी येणाऱ्या एक शिक्षिकाबाई हसल्याच. भिक्खूंशेजारी कुठलीच बाई बसत नाही, सख्खी आईसुद्धा. तो त्यांचा नियम. जातीचा संबंध नव्हता! आनंदाने रडू आलं. मग वाटलं, महार म्हणून नाही, बाई म्हणून उठवलं, यात आनंद कसला? काहीच कळेनासं झालंय. आईला दोन्ही सांगा. काय ते तिनेच ठरवावं.

लोभ आहेच, तो तसाच ठेवा.
नलू

लालबाग, ३ फेब्रुवारी

चि. नलूस आशीर्वाद.

तुझ्या आईने काल दीक्षा घेतली. खंडोबा शेजारच्या रखमाकडे दिला. समारंभात मात्र ती भन्तेंसमोर पहिल्या रांगेत बसली. स्वयंसेवक बायांना मागे सरकवायला लागले, तशी म्हणाली की माझी पोर समुद्रापार उठली तेवढं पुरे, मी इथून हलणार नाही. मग एकही बाई हलली नाही. मी स्वयंसेवकांचा प्रमुख, नलू. घसा बसल्याचं सांगून गप्प राहिलो.

लवकर ये. घरात माझी बाजू घेणारं कुणी उरलेलं नाही.
बाबा