नखातलं ऑइल

रविवार, उज्जैन

आज चर्चमध्ये फादरच्या शेजारी उभं राहून मी पहिल्यांदा लोकांच्या हातावर कम्युनियनची पवित्र भाकर ठेवली. गॅरेजचं ऑइल नखातून निघेना. लिंबू घासलं, राख घासली. ही नखं बघून लोक फादरच्याच रांगेत गेले तर?

माझ्या रांगेत पहिली एक म्हातारी. भाकर देताना हिंदीत म्हणायचं पाठ केलेलं, पण घाबरून घरचं मराठीच निघालं, ‘ख्रिस्ताचं शरीर.’ मेलो! ती थबकली. मग ‘आमेन’ म्हणाली, तेही रडत.

बाहेर तिनं धरलंच. "कुठला रे तू?"

"जालन्याचा."

"लग्न होऊन इथं आले, तेव्हापासून मराठीत ऐकलं नव्हतं. पुढच्या संडेला पण हीच गलती कर, बेटा."

नखं दिसली नसतील का तिला? जाताना म्हणाली, "आणि नखं एवढी घासू नको, सोलतील."