आजी सहाच्या पटीत बसत नाही

साल्टपाँड, बुधवार सकाळ

आदरणीय मामा,

खांद्यावरचे कापड कमरेपर्यंत उतरवून, वाकून नमस्कार. (लिहिताना मी शर्ट-पँटमध्ये आहे, पण भावना उघड्या खांद्याचीच समजावी. कापडाचा विषय पुढे येणारच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? तामालेच्या कोरड्या हवेने तो सुधारेल असे डॉक्टर म्हणाले होते. गुडघा सुधारला नसेल तर निदान तुम्ही डॉक्टर तरी बदलला असेल अशी आशा करतो. रक्तदाबाची गोळी रोज घेता ना? आजची राहिली असेल तर आधी घ्या, मी थांबतो.

घेतलीत? बरे. तुम्ही पत्राचे शेवटचे पान आधी वाचता हे मला माहीत आहे, म्हणून इथेच सांगून टाकतो की सर्व काही ठीक आहे. थोरल्या आजीचा अंत्यविधी ठरल्याप्रमाणे पुढच्या शनिवारीच होणार. मांडव घातला आहे, बँड ठरला आहे, आणि धाकटी आजी, म्हणजे तुमची मावशी, माझ्याशी बोलते आहे. हे शेवटचे वाक्य साधे दिसते, पण ते लिहिता यावे म्हणून रविवारपासून मंगळवारपर्यंत मी जे सोसले ते शत्रूच्याही (म्हणजे मावसभाऊ एकोवच्याही) वाट्याला येऊ नये.

तुम्हाला आठवत असेल, बैठकीत तुम्हीच म्हणाला होतात, "एबो कचेरीत दिवसभर नोंदीच करत असतो, कापडाची यादी त्याच्याकडेच द्या." मी तुम्हाला दोष देत नाही. (थोडासा देतो.) कुटुंबातल्या एकशे तेवीस जणांनी आपापल्या मागण्या मला कळवल्या. अंत्यविधीला सगळ्या घराने एकाच नमुन्याचे कापड नेसायचे, ते पांढऱ्यावर काळ्या पानांचे, झकास. पण बाजारातली कापडवाली सहा वारांच्या खाली कात्री लावत नाही. सहा घ्या नाहीतर बारा, मधले काही नाही. माणसे मात्र दोन मागतात, आठ मागतात, दहा मागतात, कारण माणसाचे अंग सहाच्या पटीत वाढत नाही. धाकट्या आजीने दोनच सांगितले. मी म्हटले, "दोनात तुझं काय होणार?" ती म्हणाली, "तू लिही." मी लिहिले. तिच्याशी वाद घालायचे वय माझे अजून झालेले नाही, मी फक्त सेहेचाळीसचा आहे.

आता कचेरीतला कुणीही हे काम कागदावर तासाभरात करून मोकळा झाला असता. पण मला माझी विद्या दाखवायची होती. मी सगळी नावे डेटाबेसमध्ये भरली आणि एक ओळ लिहिली: प्रत्येकाच्या मागणीला सहाने भाग, येणारे उत्तर वरच्या पूर्ण आकड्यावर ने, आणि पुन्हा सहाने गुण. म्हणजे दोन मागणाऱ्याला सहा, आठ मागणाऱ्याला बारा, कुणाला कमी पडायला नको. एकच ओळ, मामा, आणि इतकी देखणी की मी ती एकोवला फोनवर वाचून दाखवली. (तो अक्रामध्ये फार मोठा माणूस आहे, त्यामुळे त्याला समजले नाही, पण तो "छान" म्हणाला.) शिवाय या एकशे तेवीसांखेरीज जी परदेशातली मंडळी येणारच नव्हती त्यांच्यापुढे शून्य होते. ती नावे वाचनात उगाच येऊ नयेत म्हणून मी आणखी एक ओळ जोडली: ज्याच्यापुढे शून्य, त्याचे नाव छापू नकोस.

मेख अशी होती की मागणीचा रकाना मी पूर्णांकांचा ठेवला होता आणि सहा हाही पूर्णांक. दोन्हीकडे पूर्णांक दिसले की आमचा डेटाबेस भागाकारात उरलेले विचारात घेत नाही, तिथल्या तिथे टाकून देतो. आठ भागिले सहा म्हणजे त्याच्या लेखी एक, बस. त्या एकाला नंतर "वर जा" म्हटले तर तो कुठे जाणार? तो एकच राहतो, आणि आठवाल्याला मिळतात सहा. आणि दोन भागिले सहा म्हणजे शून्य, आणि शून्यवाल्याचे नाव छापू नकोस हे मीच सांगून ठेवलेले. सहाच्या पुढे मी एक टिंब आणि एक शून्य लिहिले असते, तर त्याने अपूर्णांक धरले असते आणि आज हे पत्र एवढे लांबले नसते. पण एका टिंबाने कुटुंब मोडू शकते हे मला कुठल्या शाळेत शिकवले होते? (तुमच्या शाळेत तर नक्कीच नाही.)

अपेक्षेपेक्षा कापड बरेच कमी लागले तेव्हा मला शंका यायला हवी होती. मला अभिमान वाटला. कापडवालीकडचा उरलेला माल त्याच दिवशी मांकेसिमच्या एका कुटुंबाने उचलला. त्यांच्याकडेही कुणी नव्वदी पार करून गेले होते. नमुना संपला. आणि रविवारी भर मांडवात मी उभा राहून यादी वाचली.

एकतीस नावे गळाली होती, मामा. शर्टापुरते दोन-दोन वार मागणारी सगळी तरुण मंडळी, आणि त्यांच्यात धाकटी आजी. तरुण आपसात कुजबुजले. मी शेवटचे नाव वाचून कागदाची घडी केली तेव्हा आजी उठली, आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि म्हणाली, "ही खुर्ची माझी आहे. बाकी सगळं तुमच्या कुटुंबाचं." आणि गेली. कुटुंबाचे कापड ज्याला मिळत नाही तो कुटुंबाचा नाही, हे आपल्यात लहान मुलालाही कळते. ते तिला बहिणीच्या अंत्यविधीच्या यादीने कळवले, आणि तेही माझ्या तोंडून.

पुढची भानगड तुमच्या लक्षात आली असेलच. शवागारातून आणल्यावर थोरल्या आजीला आंघोळ घालून सजवायचे काम तिचे, थोरल्या आजीच्या कपड्यांच्या पेटीची किल्ली तिच्या कमरेला. बाकीच्या बायकांनी त्याच संध्याकाळी स्पष्ट सांगितले की ती नसेल तर आम्ही त्या खोलीत पाय ठेवणार नाही. एकोव म्हणाला, "आपण दुसऱ्या कुणाला तरी नेमू." त्यावर त्याच्या स्वतःच्या आईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की त्याने फोन उलटा धरून कानाला लावला.

सोमवारी मी छापील यादी घेऊन आजीकडे गेलो. ती शिलाई मशीनवर बसली होती, पाय चालू, तोंड बंद. मी सगळे समजावले: रकाना, भागाकार, पूर्णांक. ती ऐकत होती की शिवण ऐकत होती, देव जाणे. शेवटी पाय थांबला.

"म्हणजे तू माझ्या दोनाला सहाने भागलंस."

"हो, आजी."

"आणि ते दोन कुठे गेले?"

"यंत्राने टाकून दिले."

"साठ-सत्तर वर्षं शिवतेय मी," ती म्हणाली, "चिंधीसुद्धा कधी टाकली नाही. आणि तू अख्खी माणसं टाकलीस."

मी माफी मागायला तोंड उघडले. तिने टेप गळ्यात अडकवला. "माफी अशी एकट्याने मागतात का? ते नंतर. उद्या सकाळी सगळ्यांना कापडासकट मांडवात बोलाव."

मंगळवारी जे झाले ते पाहायला तुम्ही हवे होता. (गुडघ्यामुळे नसता आलात तरी तामालेपर्यंत ऐकू गेले असेल.) तुम्ही सोडून एक्याण्णव जण रांगेत, आणि आजी प्रत्येकाचे माप घेत होती, मोठ्याने. आणि निघाले असे की यंत्राने खाली ओढण्याआधी माणसांनी स्वतःच आकडे वर चढवले होते. सहा मागणाऱ्या बहुतेक बायकांना पाच पुरत होते. आठ मागून सहाच मिळाले म्हणून रविवारी गळा काढणाऱ्या पास्टरांचे साडेपाचात भागले. "पोट आत घेऊ नकोस," ती त्यांना म्हणाली, "मी कापड मोजतेय, पुण्य नाही." एकोवने बारा मागितले होते आणि त्याला बाराच मिळाले होते. तिने त्याला दोनदा फिरवून पाहिले.

"बारा कशाला?"

"आजी, माझ्या हुद्द्याला..."

"हुद्दा घरी ठेव. खांदा दाखव." आणि चार वार कापले. तो आवाज, मामा, मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी इतका गोड आवाज चर्चमध्येही ऐकलेला नाही.

एकतीस जणांना बासष्ट वार हवे होते, दुपारपर्यंत साठ निघाले. तीसही तरुणांना शर्ट मिळाले, तिचेच दोन तेवढे राहिले. तेही तिने कुठूनसे काढले. (कुठून ते पुढे.) मग तिने खुर्ची परत मांडवात आणून ठेवली, मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि तळलेली मासळी मागवली, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "एबोलाही वाढा, उपाशी दिसतोय." मी रविवारपासून पहिल्यांदा जेवलो. इतके हलके वाटले की दुसऱ्यांदाही जेवलो.

तेव्हा काळजी नसावी. मामींना नमस्कार. हे पत्र नऊच्या बसच्या ड्रायव्हरकडे देत आहे, त्याला एक सुरण अवश्य द्या.

सगळ्यांच्या उपस्थितीत तुमचा भाचा म्हणून अजून गणला जाणारा,
एबो

ता.क. एक किरकोळ गोष्ट. आजीची माफी मला एकट्याने मागता येत नाही, माझ्या वतीने बोलायला वडीलधारे माणूस आणि हातात श्नॅप्स दारूची बाटली लागते. बाटली मी आणली आहे. वडीलधारे तुम्ही आहात. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी येणार होता, ते पुढच्या बुधवारीच या. खरे तर पत्र यासाठीच लिहिले, वरचे सगळे तुमचे मन तयार करायला होते.

ता.क. दुसरा. तुम्ही दहा वार मागितले होते. यंत्राने सहा केले. आता चार आहेत. तुमचे माप आजीने आठवणीतून घेतले, म्हणाली, पहिला सदरा मीच शिवला होता, फरक पडला असेल तर पोटाचाच. चारात खांद्यावरून काही घेता येणार नाही, शर्टच शिवावा लागेल. कुटुंबप्रमुख शर्टात कसा दिसेल असे मी विचारले. "थंड राहील," ती म्हणाली.

ता.क. तिसरा. बस अजून सुटलेली नाही. आजी आत्ता तुमचे दोन वार शिवून घेऊन आली. उशीचा अभ्रा आहे, चारी बाजूंनी झालर. मी विचारले, मग शनिवारी तू काय नेसणार? "याच नमुन्याचं माझं जुनं आहे की. ताईनेच हट्टाने घ्यायला लावलं होतं." मग हे कुणासाठी? तिने माझ्याकडे त्या डेटाबेसकडे पाहावे तसे पाहिले. "तुझ्या यादीत एकशे तेवीस नावं होती. तिचं कुठे होतं? सगळं घर एका कापडात, आणि ती एकटीच वेगळी जाणार?"

मी यादी पुन्हा पाहिली, मामा. नव्हते.

तेव्हा तुमचे दोन वार तुमच्या आईच्या डोक्याखाली असतील. परत हवे असतील तर बुधवारी आल्यावर तुमच्या मावशीकडे मागून बघा, मी बाटली घेऊन दाराबाहेर उभा राहीन.